प्रवचन-कीर्तन ऐकून आपल्या प्रश्नांची उत्तरे मिळतात का?

खाडीकाठ (मूळ लेखन)

आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की आमच्या रत्नागिरी तालुक्यातील देवळांमधून पोथी, प्रवचने आणि कीर्तने सुरू होतात. भाताची लावणी उरकत आलेली असते, १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असल्याने होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि एरवी ज्यांना मान वर करायला फुरसत नसते अशी माणसे संध्याकाळी देवळात येऊन बसतात. त्यातली बरीचशी मनात काहीतरी घेऊन आलेली असतात. कोणाची भावाभावांत वाटणी अडलेली असते, कोणाच्या घरात दुखणे असते, तर कोणाचे माणूस नुकतेच गेलेले असते. या माणसांना तिथे बसून नेमके काय मिळते, याविषयी मला लिहायचे आहे, कारण मलाही तिथेच मिळाले आहे.

माझे यजमान गेले, त्यानंतर मुलाने आग्रह धरला की घर बंद करून मी त्याच्याकडे डोंबिवलीला राहायला यावे. त्याचा आग्रह प्रेमापोटी होता, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण इकडे देवघर, गणपती, दारचे माड, सासूबाईंनी लावलेली कलमे, आणि मुख्य म्हणजे मी स्वतः, हे सगळे कुठे ठेवायचे, ते मला कळत नव्हते. ज्याला त्याला विचारून पाहिले आणि ज्याने त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे सांगितले. जावेने घर सोडू नकोस म्हणून सांगितले, तर माहेरच्यांनी एकटीने राहायचे हे दिवस नव्हेत असे बजावले. रात्री लाइट गेली की मला माहेरच्यांचे पटायचे आणि सकाळी अंगणात आले की जावेचे.

श्रावणात देवळात नारदीय कीर्तन होते. पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, वैराग्यावर होता. बुक्का लावून झाल्यावर बुवांनी उत्तररंगासाठी महाभारताच्या आश्रमवासिक पर्वातील कुंतीचे आख्यान घेतले. युद्ध होऊन वर्षे लोटली आहेत, पांडवांचे राज्य स्थिरावले आहे, धृतराष्ट्र आणि गांधारी वनात निघाले आहेत आणि कुंती त्यांच्याबरोबर जायला निघते. मुले तिला परोपरीने अडवतात. वनातच जायचे होते तर आम्हाला युद्धाला का उभे केलेस, असेही विचारतात. कुंती त्यांना सांगते की तुम्ही कोणाच्या पायाखाली राहू नये म्हणून मी तुम्हाला उठवले. मुलांनी जिंकलेल्या राज्याचा उपभोग मला घ्यायचा नव्हता, असेही ती सांगते. एवढ्यात पावसाची सर आली. मंडपावर पत्रे असल्याने बुवांचा शब्दही ऐकू येईना. ते चिपळ्या खाली ठेवून स्वस्थ उभे राहिले, पेटीवाल्याने एकच सूर धरून ठेवला, तबलजीने तेवढ्यात डग्गा पुसून घेतला आणि आम्ही सगळे सर ओसरण्याची वाट पाहत बसलो. त्या मोकळ्या वेळात माझ्या मनात आले की कुंतीने मुलांची परवानगी मागितलेली नाही आणि त्यांच्यावर रागही धरलेला नाही. आपले काय ते तिने ठरवले आणि मुलांना त्याचे कारण नीट सांगितले. मी मात्र इतके दिवस ज्याला त्याला विचारत होते, आणि मुलाशी बोलताना एक तर रडत होते किंवा गप्प बसत होते.

बुवांना यातले काहीही सांगायचे नव्हते. त्यांचा विषय वैराग्याचा होता. वनात जाण्याची माझी तयारी नव्हती आणि आजही नाही. मी घरीच राहायचे ठरवले आणि मुलाला कारणासह तसे सांगितले. तो काही दिवस नाराज होता. पण मला जी शांतता लाभली ती निर्णयाच्या आधी, त्या मंडपातच लाभली होती, आणि ती का लाभली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, बोलणाऱ्याला आपला प्रश्न माहीत नसतो, यातच या ऐकण्याचे बळ आहे. नातेवाईक आपल्याला ओळखतात, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द आपल्यावर रोखलेला असतो आणि आपण बचाव करू लागतो. कीर्तनकार शंभर माणसांसाठी बोलत असतो. त्यातले आपले तेवढे आपण उचलतो, बाकीचे राहू देतो आणि उचललेल्याची जबाबदारी आपलीच राहते.

आपले अनुभव वाचायला आवडेल. विरुद्ध मत असल्यास तेही अवश्य लिहावे.

---

हापूसबाग

खाडीकाठ ताई, लेखन मनापासून आवडले, परंतु माझे मत बरेचसे विरुद्ध आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते.

मी देवगडकडचा बागायतदार आहे. अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला, थ्रिप्सने उरलेले फळ खरवडून टाकले आणि फवारणीची उधारी डोक्यावर राहिली की आमच्याकडच्या माणसाला कोणीतरी आधार देणारे हवेच असते. त्या वेळी तो शांतपणे कीर्तनाला जाऊन बसत नाही, तो एखाद्या महाराजांच्या दारी जातो आणि थेट विचारतो की बाग ठेवू की विकू, कर्ज काढू की नको. माझ्या मेहुण्याने, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, असेच विचारले. त्याला उत्तरही तितकेच थेट मिळाले, त्यासोबत काही विधी करायला सांगण्यात आले आणि पुढच्या हंगामात त्याने त्या शब्दावर विसंबून आणखी एक बाग कराराने घेतली. त्या बागेचे काय झाले ते इथे लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच. नुकसान झाल्यावरही त्याचा महाराजांवरचा विश्वास ढळला नाही, उलट आपल्याच सेवेत काहीतरी कमी पडले असे त्याला वाटू लागले. अशा वेळी माणसाला शांतताही मिळते, यावर आपण लक्ष द्यावे. तो रात्री शांत झोपतो आणि त्याची बायको जागी असते.

म्हणून शांतता मिळाली म्हणजे ऐकणे योग्य ठिकाणी झाले, हा निकष मला पुरेसा वाटत नाही.

त्यापेक्षा आमच्या गावातला कौल, म्हणजे ग्रामदेवतेला प्रश्न विचारून घेतलेले उत्तर, मला अधिक सरळ वाटतो, हे ऐकून कदाचित आपल्याला नवल वाटेल. गावातले चार मानकरी समोर असतात, गाऱ्हाणे सगळ्यांच्या कानावर पडेल असे घातले जाते, "होय म्हाराजा" म्हणणारेही आपलेच शेजारी असतात. पाषाणाला लावलेली कळी उजवीकडून पडते किंवा डावीकडून, त्यावरून हो की नाही ते कळते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखदेखील पंचांगातल्या ठरलेल्या तिथीवर न ठेवता देवीच्या कौलानेच ठरते आणि ती लाखो माणसे मानतात. कौल कोणाच्या एकट्याच्या कानात सांगितला जात नाही. एखाद्याने भलतेच विचारले तर गाव त्याला तिथेच अडवतो. बंद खोलीत मिळणाऱ्या उत्तराला असा कोणताही अटकाव नसतो.

---

वेंगुर्लेकर

आमच्या चर्चमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत, म्हणून लिहीत आहे. रविवारच्या मिस्सेत फादर वेदीवरून जो उपदेश करतात, ज्याला आमची जुनी माणसे शेर्मांव म्हणतात, तो सगळ्यांसाठी असतो आणि त्या दिवशीच्या शास्त्रपाठाला धरून असतो. शास्त्रपाठ कोणता हे फादर ठरवत नाहीत, ते उपासनेच्या पंचांगानुसार आधीच ठरलेले असते. त्यामुळे गावातल्या अमुक घरातल्या भांडणावर बोट ठेवायचे म्हणून त्यांना पाठ निवडता येत नाही. खाडीकाठ ताई म्हणतात ते "बोलणाऱ्याला आपला प्रश्न माहीत नसतो" हे त्या ठिकाणी बऱ्याच अंशी साधते.

कुमसाराची म्हणजे प्रायश्चित्त संस्काराची गोष्ट वेगळी आहे. तिथे आपण बोलतो आणि धर्मगुरू ऐकतो. त्या गोष्टी कोणत्याही कारणाने बाहेर सांगण्यास त्याला चर्चच्या कायद्याने पूर्ण मनाई आहे. हापूसबाग यांनी बंद खोलीविषयी लिहिले ते वाचून मला हे सांगावेसे वाटले की खोली बंद असणे हा दोष नसतो. आत बसलेल्या माणसावर कोणती बंधने आहेत, हे महत्त्वाचे आहे. माझे वडील दारूच्या आहारी गेले होते तेव्हा मी कुमसाराला जाऊन त्यांच्याविषयीचा सगळा राग ओकलो. फादरांनी मला वडिलांच्या पापांबद्दल काहीही विचारले नाही. तू स्वतः त्यांच्याशी कसा वागतोस, एवढेच विचारले. मला त्या दिवशी शांतता वगैरे मुळीच मिळाली नाही, उलट मी चिडूनच घरी आलो. शांतता फार नंतर आली, पण ती त्या एका प्रश्नातूनच आली.

---

मंडणगडकर

आमच्याकडे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला बौद्ध उपासनेचा काळ, असतो. त्या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांमध्ये बाबासाहेबांच्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे वाचन चालते. आमच्या तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव असल्याने या वाचनाला निराळीच आस्था असते. वाचणारा बहुधा गावातलाच कोणीतरी असतो, कधी शिक्षक, कधी सुट्टीवर आलेला चाकरमानी. तो अडखळला तर मागून कोणीतरी शब्द पुरवतो.

या चर्चेच्या संदर्भात मला किसा गोतमीची कथा आठवली. मेलेले मूल कडेवर घेऊन ती बुद्धांकडे औषध मागायला आली. बुद्धांनी तिला जीवन-मरणावर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी घेऊन ये, असे सांगितले. तिला उत्तर मिळाले ते दारोदार फिरताना, दुसऱ्यांच्या घरची माणसे कशी गेली ते ऐकताना. धर्मगुरूचे ऐकणे म्हणजे काय, हे मला या कथेतून जितके समजले तितके इतर कशातूनही समजले नाही. माझी आई ही कथा आली की दर वर्षी रडते, कारण माझा धाकटा भाऊ लहानपणीच गेला. पण त्या दिवशी विहारातून परतताना ती इतर बायकांशी खूप बोलत असते.

---

बंदरावरची

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे मोजकेच आणि कामाचे लिहिते. रायगड-रत्नागिरीत विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती आणि मंत्र घालणाऱ्याकडे वेळ जात होता, त्या काळात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीने रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिले. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवलेला आहे. त्याच कायद्यात हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना बाधा येणार नाही असेही स्पष्ट लिहिलेले आहे. कायद्यानेच ही सीमा आखून दिली आहे आणि ती मला योग्य वाटते.

मनाच्या आजारांची गत अजूनही त्या काळातल्या विंचवाच्या दंशासारखी आहे. झोप उडणे, जेवण सुटणे, आठवडेच्या आठवडे कशातही मन न लागणे, मरणाचे विचार येणे, यावर कोणाचेही प्रवचन पुरे पडत नाही. रत्नागिरीत राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते. आमच्या भागात प्रवचन करायला येणारे एक वृद्ध गृहस्थ बाळंतपणानंतर खचलेल्या एका मुलीला स्वतः रिक्षात बसवून आमच्याकडे घेऊन आले होते. तिच्या सासूने त्यांचे ऐकले, आमचे ऐकले नसते. धर्मातल्या माणसांच्या शब्दाला जे वजन आहे ते असे वापरले जावे, एवढीच माझी इच्छा आहे.

---

खाडीकाठ

सर्वांचे आभार. बंदरावरची ताईंनी लिहिलेला क्रमांक सगळ्यांनी टिपून ठेवावा.

हापूसबाग दादा, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो धाग्याच्या मुळाशीच जातो. शांतता हा निकष पुरेसा नाही. वेंगुर्लेकरांना शांतता न मिळताही योग्य तेच मिळाले. मग निकष कोणता, यावर मी असे म्हणेन की ऐकून झाल्यावर निर्णय कोणाच्या हातात राहिला, ते पाहावे. गीतेच्या अठराव्या अध्यायात, सातशे श्लोकांपैकी जवळजवळ सगळे सांगून झाल्यावर, त्रेसष्टाव्या श्लोकात श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की मी सांगितलेल्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसे कर. प्रत्यक्ष भगवंतांनी समोरच्या माणसाला इतकी मोकळीक दिली आहे. तुमच्या मेहुण्यांना ती कोणी दिली नाही, याचे मला वाईट वाटते. अमुक बाग घे, असे सांगणाऱ्याने त्यांचे काम आपल्याकडे घेतले आणि नुकसानीची जबाबदारी मात्र त्यांच्याकडेच ठेवली.

कौलाविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मलाही आमच्या ग्रामदेवतेची आठवण झाली. सगळ्यांच्या साक्षीने विचारणे ही त्याची जमेची बाजू खरीच आहे. परंतु कौल हो किंवा नाही एवढेच सांगतो. घर ठेवू की बंद करू, असा कौल मी लावला असता आणि उजवा मिळाला असता, तरी मुलाशी कसे बोलावे, ते मला त्या कळीने सांगितले नसते. माझा खरा प्रश्न तो होता आणि तो मला कीर्तनात सापडला.

---

हापूसबाग

गीतेचा दाखला चांगला आहे, पण दहाच श्लोक पुढे अर्जुन "करिष्ये वचनं तव" म्हणतो. तू सांगशील तसे करीन, असे म्हणूनच गीतेतला संवाद संपतो. माझा मेहुणाही हेच म्हणतो.

आणि आणखी एक प्रश्न आहे. चांगला बोलणारा ओळखायचा कसा? हल्ली तर मोबाइलवर एकामागून एक तुकडे येतात, प्रत्येकात कोणीतरी आवाज चढवून काहीतरी सांगत असतो, आणि आमच्या घरी सकाळपासून तेच चालू असते.

---

खाडीकाठ

त्याच श्लोकात अर्जुन आधी म्हणतो की माझा मोह गेला, मला स्मृती आली, माझे संशय फिटले. हे सगळे झाल्यावर तो वचन पाळण्याची भाषा करतो, आणि पाळायचे ते त्याचे स्वतःचे काम आहे, क्षत्रियाचे, जे टाकून तो रथात बसला होता. संशय न फिटताच आज्ञा पाळणे वेगळे. मेहुण्यांचा संशय तसाच राहिला असावा, कारण नंतर तो त्यांनी स्वतःवर घेतला, असे तुम्हीच लिहिले आहे.

ओळखायचे कसे, याबद्दल समर्थांनी दासबोधात पुष्कळ सांगून ठेवले आहे. पाचव्या दशकातील गुरुलक्षणाचा समास काढून पाहावा. सभा मोहून टाकणारे, चमत्कार करून दाखवणारे, नाना विद्या शिकवणारे अशांची लांबलचक यादी देऊन त्यांनी ते सगळे सद्गुरूच्या व्याख्येबाहेर ठेवले आहेत. सातव्या दशकात श्रवणावर समास आहेत. त्यांत ऐकणाऱ्याचीही बाजू आहे आणि ती मला अधिक उपयोगी पडली आहे, कारण बोलणारा निवडणे पुष्कळदा आपल्या हाती नसते, पण नीट ऐकणे असते. आपल्या परंपरेत ऐकल्यावर मनन आणि निदिध्यास, म्हणजे त्याच विचाराचे सतत चिंतन, सांगितला आहे. उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषींनी पत्नी मैत्रेयीला हाच क्रम सांगितला होता. मोबाइलवरच्या तुकड्यांत मननाला जागाच नसते, एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. आमच्या मंडपात पावसाने ती जागा करून दिली.

माझी स्वतःची पद्धत सांगते. जवळच्या माणसाचे ऐकावे, ज्याचे घर, ज्याचे वागणे आपल्याला वर्षभर दिसते. एकाच माणसाचे दीर्घकाळ ऐकावे. त्याचे बोलणे आवडले नाही अशा दिवशीही जाऊन बसावे. बोलण्याच्या मोबदल्यात आरतीच्या ताटात टाकू त्याहून अधिक काही मागितले जात असेल, किंवा घरच्या माणसांपासून, डॉक्टरांपासून, वकिलापासून आपल्याला तोडले जात असेल, तर तिथून उठावे.

आमच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर असतात. १९३४च्या मोठ्या दुखण्यानंतर १९७४ साली समाधी घेईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे ते पावसलाच, देसाई कुटुंबाच्या घरात एका खोलीत राहिले. ज्ञानेश्वरी त्यांनी सोप्या अभंगांत आणली. माझ्या सासूबाई तरुणपणी त्यांच्या दर्शनाला जात. स्वामींनी तुम्हाला काय सांगितले, असे मी एकदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "काही नाही गो, घरी सगळी बरी आहेत ना, विचारले." त्यांना तेवढे पुरत असे. इतक्या वर्षांत त्या माणसाचे वागणे त्यांनी पाहिले होते, म्हणून ते पुरत होते.

---

मंडणगडकर

काकू, घराबाहेर पडता येत नाही अशांनी काय करावे? माझी आत्या अंथरुणावर आहे आणि तिला मोबाइलचाच आधार आहे.

---

खाडीकाठ

त्यांना तुकड्यांऐवजी आख्खे कीर्तन किंवा आख्खे प्रवचन लावून द्यावे, रोज ठरलेल्या वेळी, आणि शक्य असेल तर कोणीतरी शेजारी बसून ऐकावे. संपल्यावर लगेच दुसरे लावू नये. काय आवडले, काय पटले नाही, ते त्यांना विचारावे. वर्षावासात विहारातले वाचन चालू असताना एखादी संध्याकाळ वाचणाऱ्यालाच आत्याच्या घरी बोलावता आले तर फारच उत्तम. आमच्याकडे सप्ताहाच्या शेवटी भजनी मंडळी आजाऱ्यांच्या अंगणात जाऊन एक अभंग म्हणून येतात, आणि त्यासाठी बुवांना वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही.

हापूसबाग दादा, मेहुण्यांना त्यांचे महाराज चुकीचे आहेत असे सांगायला जाऊ नका, त्यांना ते सहन होणार नाही. त्यांच्या पत्नीला, म्हणजे तुमच्या बहिणीला, आधी विचारा. तुम्हीच लिहिले आहे की रात्री ती जागी असते.